रंग लागला की भिकू मुका

चार बाप्ये एका खोलीत राहिले की धुण्याचा नि किश्शांचा ढीग सारखाच वाढतो. धुणं त्यांचं ते धुतात, किस्से तेवढे माझ्या स्वयंपाकघरात आणून टाकतात! मी इथे बहरीनला, बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या गल्लीत लेकाकडे राहते. वरच्या खोलीतले बाप्ये माझ्याकडेच जेवतात. त्यातला भिकू गुहागरकडचा. सीफ भागातल्या मॉलमध्ये तोंड पांढरं करून, न बोलता लोकांना हसवायचा. टाइमपास नव्हे हां, नोकरी! व्हिसा त्या नोकरीवरच.

गावी शिमग्याला देवापुढे नमनाचा खेळ होतो, त्यात तो सोंग काढायचा. त्याच्या घरची रीत अशी, की तोंडाला रंग लागला की पुसेपर्यंत शब्द काढायचा नाही. एरवी मेला नुसता रेडिओ! त्याच्या शेजारच्या खाटेवर दापोलीचा युसुफ ड्रायव्हर. तो म्हणायचा, "मावशी, ह्याला घरी पण रंग फासा. मला झोप तरी लागेल!"

*

एकदा मॉलच्या दारात नवा सिक्युरिटीवाला होता. म्हणाला, "आयडी कार्ड?" कार्ड राहिलेलं खोलीवर, खुंटीला टांगलेल्या पँटीत. पण तोंडाला रंग! मग भिकूने हातवाऱ्यांनी खुंटी दाखवली, पँट दाखवली, खिसा दाखवला, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. हा घोळका जमला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिक्युरिटीवाल्यानेही वाजवल्या, नि म्हणाला, "यल्ला, वन्स मोअर!"

*

मीही काय कमी नाही. तो नातीच्या नकळत आमच्याच आरशात रंग लावायचा. एकदा रंग लावून झाल्यावर म्हटलं, "भिकू, रस्सा चाखून बघ रे." लाल तिखट ओंजळभर टाकलेलं! डोळ्यांतून धारा, कान लालभडक, पण हूं नाही की चूं नाही. बोटांची चिमूट करून मलाच दाखवतो, मीठ जरा कमी आहे!

संध्याकाळी रंग पुसल्यावर जे बोलला, ते युसुफने अजून पाठ करून ठेवलंय.

*

माझी नात रिया इंग्लिश स्कूलमधली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिशच. मॉलमधला पांढऱ्या तोंडाचा म्हणजे आपला भिकूकाका, हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. ती जेवताना त्यालाच सांगायची, "काका, ही इज सो फनी!"

"हो का? मग काय केलं त्याने?"

"ही फेल डाऊन!"

"लागलं काय गो त्याला?"

"नो काका! ही नेव्हर गेट्स हर्ट."

मी म्हणायची, "भिकू, तू पण जा की रे एकदा बघायला!" तो मान खाली घालून भाकरी मोडायचा. हसू आवरायचं नाही त्याला.

*

मग मॉलमध्ये नवा साहेब आला. म्हणाला, "आजकल साइलेंट कौन देखता है? माइक लो, जोक बोलो. नहीं तो व्हिसा कॅन्सल."

माइक घ्यायच्या आदल्या दिवशी भिकू जेवलाच नाही. युसुफ म्हणाला, "अरे, देवाला सांग ना, नोकरीसाठी केलं!"

शुक्रवारी मी रियाला घेऊन गेले. त्याने माइक धरला. रंगावरून घाम ओघळत होता. "हॅलो... फ्रेंड्स... कैसे हो सब लोग?" बारीकसा आवाज, गुहागरची हिंदी. पुढचं एकही वाक्य धड निघेना. मुलं उठून आइस्क्रीमकडे गेली. रिया तेवढी थांबली. बघत राहिली, बघत राहिली, नि मग माझा हात ओढून म्हणाली,

"आजी, चल. दॅट्स ओन्ली भिकूकाका."

*

साहेबाने हात झटकले, "खलास."

युसुफने हिद्द भागातल्या एका गोदामात शब्द टाकला. तिथे घेतलं असतं तर व्हिसा तिकडे फिरवून राहता आलं असतं. इंटरव्ह्यूत विचारलं, "नाम क्या है?" भिकू नुसता बघत राहिला. पुन्हा विचारलं, तरी तेच. बाहेर आल्यावर युसुफ ओरडला, "आता कुठे रंग आहे रे तोंडाला? बोल की!"

त्या दिवसापासून तो घरीही बोलेना. गावाहून बायकोचा फोन यायचा. "वहिनी, झोपलाय तो," असं युसुफच सांगायचा, नि भिकू समोर बसलेला.

मी एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं. म्हटलं, निदान शिव्या तरी देईल! त्याने सगळा चहा प्यायला. कप विसळून पालथा घातला नि वर गेला.

*

व्हिसा गेला, भिकू गावी निघाला. दुपारचं विमान. युसुफ, मी नि रिया एअरपोर्टवर गेलो. तो पासपोर्ट दाखवून काचेपलीकडे गेला, वळला, आणि बोलायला लागला! किती वेळ! दोन्ही हात खाली सरळ, ओठ तेवढे भराभर. इकडे एक अक्षर ऐकू येईना. युसुफ ओरडला, "मोठ्याने बोल रे!" मी काचेला कान लावला. "आजी, व्हॉट इज ही सेइंग?" रिया विचारत होती.

शेजारी एक अरबी बाई उभी होती. तिच्या कडेवरचं लेकरू भिकूकडे बघून खदखदा हसायला लागलं.

भिकूने ते बघितलं. नि आणखी भराभर बोलायला लागला!