मागच्या शेडमधल्या फळ्या

वखारीच्या फाटकात शिरण्याआधी तो एकदा नाक शिंकरायचा, एकदा घसा खाकरायचा आणि मग कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडावरून हात फिरवायचा. हात खाली आला की तोंडावर काही शिल्लक नसायचं. ना हसू, ना राग, ना भूक. लाकूडवाले त्याला सुतकी म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी दिसत नसे.

त्याचा धंदा म्हणजे नक्षीचं लाकूड हुडकणं. एका फर्निचरच्या कारखान्यासाठी तो तीस वर्षं जाड, रुंद, अखंड फळ्या धुंडाळत होता. सरळ रेषेचं साधं लाकूड कुठेही मिळतं. पण शंभर ओंडके चिरावेत तेव्हा एखाद्यात लाट निघते, वाऱ्याने तळ्यावर उठावी तशी. ती फळी दुसऱ्याच्या हाती जायच्या आत गाठायची.

मिसरूड फुटायच्या वयात एका वखारीत अशीच फळी बघून तो "अहाहा" म्हणाला होता. विकणाऱ्याने कानामागची पेन्सिल काढली, फळीवरचा आकडा खोडला आणि शेजारी नवा लिहिला. बरोबर आलेल्या म्हाताऱ्या सुताराने परत येताना एवढंच सांगितलं, "तुझं अहाहा कितीला पडलं बघितलंस ना? यापुढे फळी आवडली की पोटात दुखतंय असं समज."

त्याने ते इतकं मनावर घेतलं की पोटदुखी कायमची तोंडावर बसली. मुलगी झाली तेव्हा नर्स बाळाला घेऊन बाहेर आली आणि याला बघून घाबरली. "अहो, बाळ ठणठणीत आहे. तुम्हाला कुणी काही वेगळं सांगितलं का?" बायको हा किस्सा आल्यागेल्याला सांगायची आणि वर म्हणायची, "लग्नाच्या फोटोत माझ्याशेजारी नवरा उभा आहे की पंचनाम्याचा साक्षीदार, असं लोक अजून विचारतात."

आता तो सत्तावन्नचा होता आणि थकला होता. गुडघे उठताना कुरकुरायचे, बसताना त्याहून जास्त. गेले तीन महिने एका टेबलासाठी तो वणवण करत होता. एका वाचनालयाचं काम होतं: आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अखंड अक्रोडाचं आणि लाटेचं. सात वखारी झाल्या. एके ठिकाणी कीड निघाली. एके ठिकाणी फळी छान होती, पण भट्टीत घाईने सुकवलेली, परातीसारखी वाकलेली. लोक फोनवर फोटो पाठवायचे. फोटोतली प्रत्येक फळी पाणी मारून ओली केलेली, आणि ओली फळी म्हणजे पावडर लावलेला चेहरा. तीन तास टेम्पोत हाडं खिळखिळी करून जावं, तर समोर सुकं, मुकं लाकूड.

शेवटी कारखान्याच्या मालकीणबाईंनी सोमवारी सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत बघा. नाही मिळाली तर भुशाच्या बोर्डावर अक्रोडाचा पापुद्रा चिकटवू. वाचायला येणारे पुस्तक बघणार की टेबल?" मग त्याच्या गुडघ्यांकडे बघत मायेनं म्हणाल्या, "आणि तुम्हीही आता स्टोअर सांभाळा. खुर्चीवर बसून."

एकदा पापुद्रा खपला की फळी हुडकायला कुणी कुणाला धाडणार नाही, हे त्याला न सांगता कळत होतं. गुडघ्यांना खुर्ची पटली होती. त्याला नव्हती.

शुक्रवारी सकाळी तो गावाबाहेरच्या जुन्या वखारीत निघाला. पंचवीस वर्षांच्या ओळखीची जागा. या तीन महिन्यांत दोनदा जाऊन हात हलवत परत आला होता, पण दुसरी जागाच उरली नव्हती. टेम्पो मुलगी चालवत होती. ती त्याच कारखान्यात सुतारकाम करायची. एवढ्या जाड फळ्या एकट्याने उचलणं आता त्याला झेपत नव्हतं, म्हणून ती बरोबर.

"आत गेल्यावर तोंड सांभाळ," फाटकाशी तो म्हणाला.

"म्हणजे कसं?"

"माझ्याकडे बघ आणि तसं कर."

"बाबा, तुमच्याकडे बघितलं की मला रडायला येतं."

वखारवाला दारातच बाकावर बसला होता. भुवयांत भुसा, डाव्या हाताला साडेतीन बोटं. "या सुतकी! आज कोण गेलं?"

"कोणी नाही. फळ्या बघायला आलो."

"ही कोण? पोरगी? तुझी वाटत नाही रे. हसतेय."

वखारवाल्याने उठून दोनचार फळ्या भिंतीला टेकवल्या, ओलं फडकं घेतलं आणि एकेक पुसायला लागला. सुतकी प्रत्येकीसमोर तेवढाच वेळ थांबे आणि पुढे सरके. घेण्यासारखं काही नव्हतंच. चौथ्या फळीशी मुलगी मात्र खाली वाकली.

"अगं बाई! काका, हे बघितलंत? गाठीभोवती भोवरा कसा फिरलाय!"

सुतकीने डोळे मिटले. बोंबललं.

वखारवाल्याचं फडकं थांबलं. "काय म्हणालीस?"

"भोवरा हो. मुद्दाम गाठ मधोमध येईल असा चिरलाय ना तुम्ही? जरा इकडे सरकला असता तर अर्धाच आला असता."

"मुद्दाम," वखारवाला म्हणाला. मग उगाचच फडकं पिळलं, पाणी नसताना. "ओंडका तीनदा फिरवला होता त्यासाठी. आजवर कुणी बोललं नाही." त्याने खिशातून किल्ली काढली. "चल, तुला एक गंमत दाखवतो. बापाला यायचं असेल तर येऊ दे."

मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड होती. तिथे मोडका आरा पडलाय, असं वखारवाल्याने पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि सुतकीने मान हलवून ते मान्य केलं होतं. कुलूप निघालं. आत आरा नव्हता. आत जाड फळ्यांच्या थप्प्या होत्या, छातीएवढ्या उंच. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये वारा खेळावा म्हणून काठ्या घातलेल्या, वर गोणपाट. वास असा की मुलगी दारातच थबकली.

सुतकी पुढे झाला. कडा बघूनच त्याला कळलं. सगळा अक्रोड होता.

"कधीपासून आहे हे?"

"लाकूड येतं, जातं. शेड ही तुझी पोरगी जन्मायच्या आधीपासून."

"मला कधी दाखवली नाहीस."

"कशाला दाखवू?" वखारवाला उसळला. "पहिल्या वर्षी माझी सगळ्यात चांगली फळी मी तुझ्यापुढे टाकली होती. आठवतंय? तू असा बघत होतास, जसं काही मी मेलेलं मांजर आणून ठेवलंय. म्हटलं, याला काय कळत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून तुला पुढची फळी आणि बाकीच्यांना मागची."

"बाकीचे कोण?"

"एक जाड्या यायचा. फळी बघून रडायचा. खरंच रडायचा रे, रुमाल काढून! त्याला मी सांगितलेल्या भावापेक्षा कमीत द्यायचो आणि वर चहा पाजायचो."

सुतकी एका थप्पीला टेकून उभा राहिला. पंचवीस वर्षांत या वखारीतून नेलेल्या फळ्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. बऱ्या होत्या. सगळ्या बऱ्याच होत्या. त्यांची टेबलं झाली, कपाटं झाली, लोकांनी त्यांच्यावर ताटं ठेवली, कोपरं टेकली. आणि तो दर वेळी फाटकाबाहेर पडताना स्वतःवर खूश व्हायचा, की गड्याला पत्ता लागू दिला नाही. घरी बायकोला, पोरीला जे तोंड दाखवलं नाही ते असं राखून ठेवलं, आणि इथे हे.

त्याला एकदम बसावंसं वाटलं. बसायला काही नव्हतं.

"काका, आम्हाला आठ फुटी हवी आहे," मुलगी म्हणाली. "उद्यापर्यंत मिळाली नाही तर टेबल बोर्डाचं होईल. आणि बाबांचं हे काम जाईल."

वखारवाल्याने सुतकीकडे बघितलं, मग जवळच्या थप्पीवरचं गोणपाट ओढलं. वरची फळी पुसली. ओल्या फडक्यामागून लाट उठत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सांग कशी आहे. बोललास तर ने. नाही बोललास तर फाटक तिकडे आहे."

सुतकी बघत राहिला.

"बरी आहे," तो म्हणाला.

वखारवाल्याने गोणपाट परत ओढायला घेतलं.

"बाबा!" मुलगी ओरडली.

"थांब रे. थांब." त्याने फळीवर हात ठेवला. आवाज त्याचा नेहमीचाच होता, रेशनच्या रांगेत नंबर विचारावा तसा. "झाड उतारावरचं. लहानपणी कशानं तरी वाकलेलं, मग सरळ व्हायला धडपडलेलं. इथवर रेषा शांत आहे. इथून लाट सुरू होते, आधी बोटाएवढी, मग नखाएवढी. तोललंय झाडानं स्वतःला, ते दिसतंय. तू थंडीत पाडलंस, रंग कुठे फुटला नाही. टोकं तडकू नयेत म्हणून पाडल्या दिवशीच त्यांना रंग फासलास. आणि इथे," त्याचं बोट मधल्या एका पुसट आडव्या खुणेवर थांबलं, "इथे तू आरा थांबवलास. पातं काढून धार केलीस आणि मग पुढे गेलास. नाहीतर लाटेचे तंतू केसांसारखे उपटले गेले असते. असं कुणी थांबत नाही. मी थांबलो नसतो."

वखारवाला पुढे झाला. साडेतीन बोटांच्या हाताने त्याने ती खूण चाचपली.

"पंचवीस वर्षं हे सगळं दिसत होतं तुला?"

"हो."

"आणि मुक्यासारखा गप्प!"

"बोललो असतो तर परवडलं नसतं."

"मूर्ख आहेस."

"आहे," सुतकी म्हणाला. तिथेच थांबला असता तर फळी टेम्पोत गेली असती. पण तो फार दमला होता, आणि एकदा सुटलेलं तोंड आवरण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. "पण या टोकाला चीर आहे. केसाएवढी. खालून आत शिरलीय. वर्षभरात दीड फूट जाईल. आमच्या टेबलाला ही चालायची नाही."

मुलीने कपाळावर हात मारला.

वखारवाल्याने चष्मा काढला, पुसला, घातला आणि टोकाशी उकिडवा बसला. बराच वेळ नखाने चाचपत होता. "आयला," तो म्हणाला. "माझ्या बापाला दिसली नसती." उठला तेव्हा राग गेला होता. "याच ओंडक्याची हिच्या खालची बहीण आहे. थप्पीत ही धरून चार फळ्यांखाली. काढायची का?"

"काढू."

"तुझी कंबर?"

"ती काय म्हणते ते संध्याकाळी ऐकू."

तिघांनी मिळून चार फळ्या बाजूला केल्या. एकेक फळी दोन माणसांच्या वजनाची. सुतकी मध्येच भिंतीला पाठ लावून श्वास घ्यायचा, मुलगी त्याच्या वाटणीचं टोकही सावरायची. बहीण वर आली. फडकं फिरलं. लाट तीच होती, जरा दाट, आणि टोकं दोन्हीकडे निरोगी. सुतकीने खाली वाकून, कड तपासून, उलटीकडून हात फिरवून बघितलं. मुलीने टेप लावला. आठ फूट चार इंच, रुंदी सगळीकडे तीन फुटांच्या वर.

"परत पूस जरा," सुतकी म्हणाला.

"का? कुठे काय दिसलं?"

"काही नाही. सुकत चाललीय. पुन्हा बघायची आहे."

वखारवाल्याने पुन्हा पुसली. तिघेही ती सुकेपर्यंत बघत उभे राहिले. मग मुलीने बाहेर जाऊन मालकीणबाईंना फोन केला, की बोर्ड मागवू नका.

फळी टेम्पोत चढवून दोऱ्या आवळल्या तेव्हा दुपार कलली होती. सुतकी दोन्ही हातांनी पाय उचलून पुढच्या सीटवर बसला. वखारवाला खिडकीशी आला.

"आत अजून अडतीस आहेत. घ्यायच्या नाहीत तरी ये. प्रत्येकीचं असं सांग मला. चिरून चिरून मी म्हातारा झालो, मला काय माहीत त्यात काय आहे ते."

सुतकीने मान मागे टेकवली. "एका दिवसात एकच. त्याहून जास्त बोलवत नाही."

"मग अडतीस वेळा ये."

"गुडघ्यांना विचारतो," तो म्हणाला, आणि मुलीने टेम्पो सुरू केला.