बंद खोलीत घेतलेला जबाब

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. चोरी, मारामारी, खून, यातलं त्यात काहीच नव्हतं. होती ती शिकल्यासवरल्या माणसांची हट्टी बेपर्वाई, आणि तिच्यात थोडी माझीही भर.

न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या पोलीस खात्यात मी सव्वीस वर्षं काढली. वडिलांबरोबर नागपूरहून इथे आलो तेव्हा कॉलेजच्या वयाचा होतो. आमच्या ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे भारतीय घरातला कुठलाही कॉल डिस्पॅचर माझ्याच गळ्यात घालायची. घर तेलुगू असो की पंजाबी, "सार्जंट, तुमची माणसं" एवढंच म्हणायची. त्या जानेवारीत दुपारी आलेला कॉल मात्र खरोखरच माझ्या माणसांचा निघाला.

खबर शेजारच्या बाईंनी दिली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दिवसभर घरीच. समोरच्या टाउनहाउसमधली म्हातारी सोमवार ते शुक्रवार खुर्चीत मान टाकून झोपलेली दिसते, परवा दारातच ओकली, आणि शनिवार-रविवारी मात्र चांगली चालतेफिरते, असं त्यांनी सांगितलं. आठवडाभर तिला सांभाळायला एक बाई येते, तीच काहीतरी देत असावी, हा त्यांचा संशय. वृद्ध माणसाला गुंगीचं औषध देणं हा इथे गंभीर गुन्हा आहे. मी लगेच निघालो.

दार उघडलं ते सांभाळणाऱ्या बाईंनीच. पन्नाशीच्या, वर्ध्याकडच्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. आत आजी शाल पांघरून बसल्या होत्या. मी जयभीम केला, त्यांनी हात जोडले, पण मी कोण हे दोनदा सांगूनही त्यांच्या लक्षात येईना. मी मुलाला ऑफिसात फोन लावला. तो वीस मिनिटांत ड्राइव्ह करून आला आणि कोट काढायच्या आधी लॅपटॉप उघडला.

त्याने स्प्रेडशीट करून ठेवली होती. आई किती वाजता झोपली, किती वेळा नाव विसरली, कधी ओकली, सगळं वारानुसार मांडलेलं. पाच दिवस लाल, दोन दिवस हिरवे. "पॅटर्न क्लिअर आहे, सर," तो म्हणाला. "मावशी असते तेव्हाच होतं." विस्मरणाचे डॉक्टरही त्याने दोन महिन्यांपूर्वीच गाठले होते. आता तो मावशींवर कॅमेरा लावणार होता.

मी मावशींची पिशवी तपासायची परवानगी मागितली. त्यांनी स्वतःच ती टेबलावर उपडी केली. डबा, छत्री, स्वेटर आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. मुलगा माझ्याकडे असं बघू लागला, जणू खटला संपलाच. गोळ्या डोकेदुखीच्या होत्या, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या.

मग मी चौकशी सुरू केली. बाहेर बर्फ होतं, म्हणून त्याच खोलीत सगळ्यांना बसवलं, दार लावून घेतलं. भिंतीत गॅसची फायरप्लेस जळत होती, चिनीमातीच्या ओंडक्यांवर पिवळ्या ज्वाळा. ऊब बरी वाटली. जवळजवळ तासभर मी मावशींना तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. चहा कोण करतं, औषधं कोण देतं, आजी झोपल्या की तुम्ही काय करता. आमच्या धंद्यात खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी गोष्ट सुधारून सांगतो. मावशींची गोष्ट तिन्ही वेळा तशीच वेडीवाकडी राहिली. मधूनमधून मुलगा स्प्रेडशीट दाखवत होता. माझी कानशिलं ठणकायला लागली होती आणि त्याचं खापर मी त्याच्यावरच फोडत होतो.

शेवटी मी आवाज चढवला. गोळ्या कोणासाठी आणता, ते एकदाच खरं सांगा, म्हणालो.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "माझ्यासाठीच आणते, साहेब. इथं आलं की दुपारपर्यंत डोकं फुटायला होतं. शनिवार-रविवार माझंही दुखत नाही. ते त्यांच्या कागदावर कुठं लिहिलंय?"

मी लिहिणं थांबवलं. आजी, मावशी, आणि आता मी. तिघांनाही एकाच खोलीत त्रास होत होता. मी पहिल्यांदा त्या खोलीकडे नीट पाहिलं. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीवर चारी बाजूंनी प्लास्टिक चिकटवलेलं. फायरप्लेसवरच्या फळीवर संगमरवरी बुद्धमूर्ती होती, तिची हनुवटी काळवंडली होती. मी मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, मेणबत्तीचा धूर. मेणबत्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

"याचं धुराडं कुठून बाहेर जातं?"

"जातच नाही, सर. हे व्हेंट-फ्री आहे. नव्व्याण्णव टक्के एफिशियंट. धूर होतच नाही."

"खिडकी थोडी उघडी ठेवायला सांगितली असेल ना?"

"मॅन्युअलमध्ये आहे तसं. पण मग हीट बाहेर जाते. आईला थंडी सहन होत नाही."

त्यानेच मग सांगितलं, की आठवड्यात घरी दोघीच असतात म्हणून तो घराचं हीटिंग कमी करून हीच एक खोली दार लावून गरम ठेवतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. शनिवार-रविवारी सगळे घरी, सगळं घर गरम, त्यामुळे हे बंद. दिवसाला दोन-तीन तास, उघड्या खोलीत चालवायची वस्तू हा माणूस बंद डब्यात दहा तास चालवत होता, आणि तीच वेळ स्प्रेडशीटमध्ये लाल रंगवत होता.

"कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म?"

"आहे."

"कुठे?"

"ड्रॉवरमध्ये. फॉल्टी होता, यार, सारखा बीप करायचा."

मी उठलो. गॅस बंद केला, आजींना उचलून बाहेर पायरीवर आणलं, मागोमाग दोघांनाही बाहेर काढलं आणि रेडिओवरून फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्स मागवली. बर्फात उभं राहूनही तो मला सांगत होता, की प्रॉडक्ट सर्टिफाइड आहे.

फायर ब्रिगेडच्या माणसाने मीटर घेऊन आत पाऊल टाकलं आणि मीटर ओरडायला लागला. दहा मिनिटांनी तो बाहेर आला आणि त्याने विचारलं, ओंडके कोणी हलवले? मुलगा म्हणाला, फोटोत ज्वाळा नीट दिसत नव्हत्या म्हणून त्याने ते जरा मांडून घेतले होते. ते ओंडके नेमून दिलेल्या जागीच असावे लागतात. हलले की ज्योत त्यांना चाटते, गॅस अर्धवट जळतो, काजळी धरते आणि ज्याला ना रंग ना वास असा विषारी वायू खोलीत साठतो. फायरमन हे दोनदा समजावून सांगत होता. मुलाने विचारलं, खिडकी किती इंच उघडी ठेवली तर चालेल? मी त्याला गप्प बसायला सांगितलं. सव्वीस वर्षांत तक्रार करणाऱ्या घरच्या माणसाला असं मी क्वचितच सांगितलं असेल.

हॉस्पिटलात चौघांच्याही रक्तात तो वायू सापडला. आजींच्या सर्वांत जास्त, माझ्या आणि मुलाच्या कमी. नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावून मी दोन तास पडून होतो. आजी बऱ्या झाल्या. पंधरा दिवसांत त्यांना सगळ्यांची नावं आठवू लागली आणि फायरप्लेसचं गॅसचं कनेक्शन त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावलं. मुलगा त्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडला होता. त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. प्रेम होतं, तेच तो दार बंद करून तिला देत होता.

आठवड्याने मावशी ठाण्यात आल्या. त्या मुलाने फोनवर सॉरी म्हटलं होतं, पण त्याआधी त्याने चार घरी संशय बोलून दाखवला होता, आणि त्यातल्या ज्या दोन घरी मावशी शनिवार-रविवारी कामाला जायच्या, त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं होतं. त्यांना माफी नको होती, कागद हवा होता. मी रिपोर्टची प्रत काढली आणि त्यांना मराठीत वाचून दाखवली. संबंधित महिलेकडून कोणतंही गैरकृत्य झालेलं नाही, हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, "त्या खोलीत तुम्ही मला तासभर बसवलं, ते यात आहे का?"

नव्हतं. वास नसलेली गोष्ट मला कळली नाही, इतपत मी स्वतःला माफ करू शकलो असतो. पण आजारी माणूस समोर असताना मी आधी गुन्हेगार शोधला, खोलीतली हवा तपासली नाही. कोणी केलं, हा प्रश्न पोलिसाच्या तोंडी इतका बसलेला असतो, की काय झालंय हे बघायचं राहून जातं. त्यानंतर नोकरीत होतो तोवर हिवाळ्यातल्या प्रत्येक कॉलला मी आत शिरल्याबरोबर खिडकी उघडली. लोक चिडायचे. चिडू दिलं.

त्या दिवशी मी मावशींना थांबायला सांगितलं आणि पुरवणी लिहिली, की चौकशी त्याच बंद खोलीत, फायरप्लेस चालू असताना, अंदाजे एक तास चालली, आणि तो निर्णय माझा होता. खाली सही केली. मावशींनी दोन्ही कागद घडी न घालता प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले, बसची वेळ विचारली आणि निघाल्या.