कच्चं बसवलंय

अर्जदार: पुरुष, वय चोपन्न, अविवाहित. व्यवसाय: नळकाम, अनुभव बत्तीस वर्षे, प्रमाणपत्र नाही. ओळखीची खूण: डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा व्रण. रुग्णाशी नाते: धाकटा भाऊ. निवासस्थान: दोन खोल्या, पैकी एकीला खिडकी. स्वभावासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. असता तर ‘नको तितका खरं बोलणारा’ अशी नोंद करावी लागली असती.

रुग्ण म्हणजे त्याची थोरली बहीण. खुबा मोडून दोन महिने इस्पितळात होती. उकिडवं बसायचं नाही, आता जन्मात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शुक्रवारी खाट रिकामी करायची होती. घरी कमोड असेल तर घरी, नसेल तर गावाबाहेरच्या निवारागृहात. हे सगळं ठरवणं इस्पितळातल्या समाजसेविका मॅडमच्या हातात होतं. त्यांच्याकडे असे एकोणीस रुग्ण होते.

“मला तिकडे धाडू नकोस रे,” ताई म्हणाली. “लोकांच्या घरी हजार भांडी बसवलीस, माझं एक होईना?”

“हजार नाही गं. सातशे असतील.”

कमोडचं भांडं त्याला पाडलेल्या एका लॉजमधून मिळालं. चांगलं होतं, पण जुन्या मापाचं. त्याचं तोंड मागे भिंतीकडे, आणि घरातला पाइप जमिनीतून वर आलेला. दोघांची गाठ घालून देणारी वाकडी जोड बाजारात नव्हती.

“हे माप बंद झालं,” दुकानदार म्हणाला. “कारखानाच बुडाला. जोड मिळायची नाही.”

“अशी कशी मिळायची नाही?”

“तुला जन्मभर मिळाली नाही, तर भांड्याला कुठून मिळणार?”

दुकानातले चौघे हसले. तोही हसला. विनोद वीस वर्षांचा होता. इतक्या जुन्या ओळखीला हसून दाखवावंच लागतं.

मग त्याने जोड घरीच केली. प्लास्टिकच्या पाइपात वाळू ठासून भरली, तो स्टोव्हवर फिरवत फिरवत मऊ केला आणि गुडघ्यावर पोतं ठेवून वाकवला. पहिला तुकडा चेपला, दुसरा करपला. तिसऱ्याचं तोंड चहापत्तीच्या डब्यावर चढवून फुगवलं, कारण मापाला तोच डबा बरोबर बसत होता. ट्रकच्या जुन्या ट्यूबची चकती कापून मधे घातली. गुरुवारी दुपारी भांडं जागेवर ठेवलं, पाण्यात नीळ कालवून ते वरपर्यंत भरलं, आणि खाली पांढरा कागद अंथरून स्टुलावर बसला.

या धंद्यात एक रीत आहे. सिमेंट भरण्याआधी भांडं नुसतं जोडून ठेवतात, त्याला ‘कच्चं बसवणं’ म्हणतात. एक दिवस आणि एक रात्र पाणी उभं राहिलं, गळलं नाही, की मग पक्कं. त्याआधी पक्कं म्हणणाऱ्याला मिस्तरी म्हणत नाहीत. त्याच्या उस्तादाने त्याला एवढंच शिकवलं होतं. बाकीचं तो मार खाऊन शिकला होता.

चारच्या सुमारास मॅडमचा फोन आला.

“शौचालय झालं का?”

“बसवलंय, मॅडम.”

“पूर्ण झालं?”

“कच्चं बसवलंय. उद्या दुपारी पक्कं करतो.”

“म्हणजे आज कच्चं आहे.”

“हो, आज कच्चंच.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. त्या ‘बरं’ने त्याला बरं वाटलं.

सरकारी कागदावर कच्चे शौचालय म्हणजे खड्डा, आणि खड्ड्याभोवती गोणपाट. अशा घरी रुग्ण सोडायचा नाही, असा नियम आहे. नियम वाईट नाही.

शुक्रवारी दुपारी पाणी केसभर उतरलेलं नव्हतं आणि कागद कोरा होता. त्याने सिमेंट भरलं, हात धुतले, आणि उशी बगलेत मारून गाडी ठरवून इस्पितळात गेला. ताईच्या खाटेवर भलतीच बाई झोपली होती.

“त्यांना सकाळीच हलवलं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलंत ना, कच्चं आहे म्हणून?”

“कच्चं म्हणजे सिमेंट न भरलेलं, मॅडम. आमच्यात तसं म्हणतात.”

मॅडमनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि ते खरोखरीच वाटलं. “यात खोडाखोड चालत नाही. नवा अर्ज करा, तपासणीला तीन महिने लागतील.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “नुसतं ‘झालं’ म्हणाला असतात तरी चाललं असतं हो.”

रविवारी तो निवारागृहात गेला. ताईचे ओठ सुकले होते. उशाशी पेला उपडा ठेवला होता.

“पाणी देऊ?”

“नको. प्यायलं की जावं लागतं.” तिने पेला आणखी लांब सारला. “जमलं का रे आपलं?”

“जमलं. थेंब गळत नाही.”

“बसून बघितलंस?”

“पहिला मान तुझा.”

“मान,” ताई म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

तिला झोप लागेपर्यंत तो पायांशी बसून राहिला. बाहेर पडताना दारावरचा फलक त्याने उभ्याउभ्या वाचला: ‘एकूण लाभार्थी: चाळीस. शौचालये: सहा. सर्व पक्की, प्रमाणित जोडण्यांसह.’

सहाही उकिडवं बसायची आहेत.