दोनशे वीस नंबरचं तेल

आमची जीप रडायची. चेष्टा नाही, खरंच रडायची. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडाचा जो गोळा असतो, डिफरन्शियल म्हणतात त्याला, त्याच्या आत दातेरी चक्रं तेलात फिरतात. आमच्या जीपची ती चक्रं झिजलेली. वेग घेतला की 'ऊंऽऽ' सुरू. अख्ख्या सोसायटीला कळायचं, आली बया मुलांना न्यायला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. नेरूळला तेव्हा चार बिल्डिंगी आणि बाकी नुसतं गवत. शाळा वाशीला, बसचा पत्ता नाही. नवऱ्याच्या रबाळ्याच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा आम्ही ही जुनी जीप घेतली आणि सोसायटीतली मुलं शाळेत न्यायला लागलो. चालवायची मी. नवरा कंपनीत मेन्टेनन्सला होता, मोठमोठी मशिनं उघडायचा, पण शिकताना एकदा गाडी खाडीच्या चिखलात घातली आणि स्टिअरिंगचा जो धसका घेतला तो घेतलाच.

बाई जीप चालवते म्हणून आधी बायकांनी नाकं मुरडली. पोरं वेळेवर पोचायला लागली तशा गप्प झाल्या. पण त्या आवाजाने पुन्हा कुरबुर सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा बाल्कनीतून सगळ्यांदेखत सुनावलं, "वहिनी, गाडीचं काहीतरी बघा हं. नाहीतर आम्ही दुसरी सोय बघतो." माझं डोकंच सणकलं. पण आमची चूल त्या जीपवर पेटत होती, बोलते कुठे!

बिल्डिंग सगळी कारखान्यातल्या लोकांची. संध्याकाळी जिन्याखाली पुरुषांची सभा भरली. गॅरेजवाला नेहमी नव्वद नंबरचं तेल घालायचा. "नव्वद पातळ पडतं," एक म्हणाले, "एकशे चाळीस टाका. जाड तेलात दाते बोलत नाहीत." त्यावर आमच्या ह्यांना जोर चढला. "आमच्या कंपनीच्या गिअरबॉक्सला दोनशे वीस असायचं. एवढाले गिअर, पण चूं नाही!" नव्वदपेक्षा एकशे चाळीस जाड, म्हणजे दोनशे वीस त्याहून जाड. सगळ्यांनी माना डोलावल्या. कारखान्यातली माणसं, आकड्यावर भरवसा.

अजून चालू असलेल्या एका कंपनीतल्या मित्राकडून ह्यांनी दोनशे वीसचा डबा आणला, जीपखाली आडवे झाले, जुनं तेल काढलं आणि नवीन काठोकाठ भरलं. मी बाजूला उकिडवी बसले होते. नव्वद नंबरच्या तेलाला एक घाणेरडा, कुजक्या अंड्यासारखा वास असतो. डबा उघडला की जेवण नको वाटतं. याला वासच नव्हता.

"अहो, वास कुठाय याला?"

"वास काय वंगण करतो? तू गाडी चालव, तेलाचं मी बघतो."

टाळं लागल्यापासून हा माणूस घरात पाहुण्यासारखा वावरत होता. कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून तो जुना, कंपनीतला आवाज आला. माझ्यासारखी तोंडाळ बाई, पण पुढचा शब्द गिळला. तो आवाज मला हवा होता.

आणि खरंच की, जीप गप्प झाली! तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून हसल्यासुद्धा. हे तर कॉलर ताठ करून हिंडत होते.

मग चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेचा दिवस आला. जीप पोरांनी गच्च, माझी लेकही त्यांतच. सगळ्यांच्या मांडीवर पॅड, तोंडात पाढे. शिरवणं गाव मागे पडलं आणि आवाज परत आला. पण तो रडण्याचा नव्हता. घरघर होती, जात्यात खडे पडावेत तशी. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. खालून जळकट वास यायला लागला. आरशात बघते तर मागे लोखंडाच्या सळ्यांनी भरलेला ट्रेलर, अगदी अंगावर.

ही चक्रं अडकली तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबणार, एवढं मला कळत होतं. आणि तो ट्रेलर थांबणार नव्हता.

"काकू, थांबू नका ना," मागून तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली. "पेपर चुकेल." माझी लेक पाढे म्हणायची थांबली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

वाशी समोर दिसत होती हो. वाटलं, न्यावी रेटून, देवाचं नाव घ्यावं. तेवढ्यात खालून 'खाड्' झालं आणि अख्खी जीप हिसकली. मी हात बाहेर काढला, जीप डावीकडे मातीत घातली. ट्रेलर हॉर्न मारत असा काही घासून गेला की वाऱ्याने जीपची ताडपत्री उडाली.

"उतरा! सगळे उतरा! हात धरा एकमेकांचे!" मी ओरडत होते. पोरांना गटारापलीकडे उभं केलं आणि रस्त्यात दोन्ही हात पसरून एसटी अडवली. ड्रायव्हरने शिवी हासडली, पण पोरं बघितल्यावर दार उघडलं. शाळेत पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. शाळेतल्या बाईंनी पोरांना आत घेतलं. मी पायरीवर बसून घळाघळा रडले.

दुपारी जीप ओढून आणली. ह्यांनी तेल काढलं. घमेल्यात काळं तेल आणि त्यात लोखंडाची चमकी. मग ते घमेलं घेऊन वर आले, ओट्यावरचे माझे दोन चमचे घेतले. एकात गॅरेजमधून आणलेलं नव्वद, दुसऱ्यात डब्यात उरलेलं दोनशे वीस. दोन्ही तिरके धरले. दोन्ही धारा एकाच चालीने उतरल्या.

"जाड नव्हतंच गं," ते म्हणाले. "कारखान्याच्या नंबराचं माप वेगळं, गाडीचं वेगळं. मी नुसता आकडा बघितला. पहिलं तेल कमी होतं, मी गच्च भरलं, म्हणून चार दिवस आवाज दबला. आणि तो वास... या दात्यांना घासून फिरावं लागतं, त्यासाठी जे औषध तेलात घालतात, त्याचा होता तो. तू विचारलं होतंस."

संध्याकाळी खाली बायका जमल्या. मी पदर खोचून निघाले, म्हटलं जे काय ऐकायचं ते ऐकून घेऊ. ह्यांनी मला मागे सारलं. घमेलं उचललं, खाली नेऊन सगळ्यांच्या मधे ठेवलं. "तेल मी घातलं," म्हणाले. "हिने विचारलं होतं, मी ऐकलं नाही. हिने गाडी थांबवली म्हणून मुलं घरी आली." नोकरी गेलेला माणूस, जवळ होती ती एवढी ऐट, तीही त्या घमेल्यात ओतून उभा होता. मला त्याच्यावर इतकी माया आली की काय सांगू.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई घमेल्यावर वाकल्या, ती चमकी बघितली. मग म्हणाल्या, "भाऊजी, गाडी रडू दे. पण वहिनीच चालवू देत."

भंगारबाजारातून चक्रांची जुनीच जोडी मिळाली. तीही रडायची. आता कोणी तक्रार करत नव्हतं. रोज सकाळी मी किल्ली लावायच्या आधी हे जीपखाली सरकायचे, गोळ्याचं बूच सैल करून आत बोट बुडवायचे आणि बाहेर येऊन ते घाणेरडं बोट माझ्या नाकासमोर धरायचे.

"बघ. येतोय?"

"शी! येतोय, येतोय!" मी म्हणायचे आणि गाडी सुरू करायचे.