क्वार्टरमधला खड्डा

नियम तोंडपाठ असणं ही माझी त्या काळातली एकुलती एक मिजास. नागपुरात सदर भागातल्या सरकारी कार्यालयात मी हेडक्लार्क होतो आणि साहेबसुद्धा मला विचारल्याशिवाय सही करत नसत. म्हणून एकाहत्तर साली आमच्या उमरेड शाखेतल्या गोपिकाबाईंचा अर्ज आला तेव्हा तो वाचून मी मोठ्यानं हसलो.

अर्ज नागपूरला बदली मागणारा होता. बाईंचा नवरा गिरिधर इथल्या एका छापखान्यात कामाला. चार वर्षं खानावळीत जेवायचा आणि शनिवारी एसटीनं घरी जायचा. इथवर ठीक. पण पुढे बाईंनी लिहिलं होतं, सामानासाठी ट्रक मिळावा आणि इथं मिळेल त्या सरकारी क्वार्टरच्या जमिनीत अडीच फूट खोल खड्डा खणायची परवानगी असावी.

खड्डा सासूसाठी होता. बायजाबाई लुगडी विणायच्या. त्यांचा माग जुन्या पद्धतीचा, जमिनीलगतचा. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खालच्या पावड्या पायांनी दाबायच्या आणि वर हातांनी विणायचं. नवरा गेल्यावर याच मागाच्या कमाईवर त्यांनी गिरिधरला शाळा शिकवली होती.

मी बाईंना बोलावून सुनावलं, "स्वतः मागितलेल्या बदलीला ट्रक मिळत नसतो. आणि सरकारी फरशी फोडायची? उद्या कोणी विहीर मागेल!"

"माग नाही आला तं सासूबाई येत नाही, भाऊ. आन त्याईले एकटं टाकून मी येत नाही. मंग राहू द्या बदली."

अर्ज उचलून त्या सरळ चालू लागल्या. ना रडारड, ना विनवण्या. मला राग आला तो त्याचाच.

महिन्याभरानं साहेब तपासणीला उमरेडला गेले, सोबत मी. गोपिकाबाईंनी चहाला घरी नेलं. बायजाबाई मागावर होत्या. साहेब आले म्हणून उठतील तर शपथ!

"बसा गा साहेब, एवढी किनार होऊ द्या."

साहेब मुकाट खाली बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "आजी, आता जमिनीवर उभे राहणारे माग मिळतात. खड्डा कशाला हवा?"

"पाह्यता का बसून?" म्हणत बायजाबाई वर आल्या.

आणि साहेब इस्त्रीच्या पँटसकट खरोखरच खड्ड्यात उतरले! हात एकीकडे, पाय भलतीकडे. दोन धागे तुटले. बायजाबाई पोट धरून हसल्या.

"पावडी सापडून राहिली का? चाळीस वर्सं झाले, माह्या पायाले डोळे फुटले इथं. आता नवा माग शिकू का मरू?"

परतताना जीपमध्ये साहेबांनी मला विचारलं, "आपल्या शेवटच्या क्वार्टरच्या पडवीला फरशी आहे का हो?"

"नाही. माती आहे."

"मग फोडणार काय? आणि आपला ट्रक उमरेडला कपाटं टाकून रिकामाच येतो ना?"

यावर मला एकही नियम आठवेना. खरं सांगतो, आठवला नाही म्हणून फार बरं वाटलं.

अर्ज मीच पुन्हा लिहवून घेतला. मार्चमध्ये ट्रक आला. खड्डा खणायला कुदळ मीच हाती घेतली, प्रायश्चित्त म्हणा हवं तर. बायजाबाई घडीघडी आत उतरून पाय सोडून बघायच्या आणि म्हणायच्या, "आणखीन चार बोटं, भाऊ." माझी कंबर पार कामातून गेली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी माग जुळला आणि त्याची खटखट पार रस्त्यापर्यंत ऐकू यायला लागली. मी लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी गिरिधर छापखान्यातून आला. दारात सायकल लावून तो आईकडे बघत उभा राहिला. बायजाबाईंनी मान वर केली नाही.

"हात धू. जेवाले बस."

गिरिधर मागे मोरीवर गेला. गोपिकाबाईंनी ताट वाढलं. पाण्याचा आवाज येत होता, पण गिरिधर काही येईना. भात निवायला लागला तशा त्या बघायला उठल्या.

"थांब वं," बायजाबाई विणता विणता म्हणाल्या. "येते तो. डोळे पुसून येते."