खालून कापलेलं पान

नाशिकच्या इंदिरानगरातल्या ज्या क्लासमध्ये मी शिकवतो, तिथं दहावीची बॅच ज्याच्याकडे असते त्याला ‘इंग्रजीचे सर’ म्हणतात. बाकीचे नुसते सर. वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी संपल्यावर मी इथं आलो आणि तीन वर्षं इंग्रजीचे सर मीच होतो. चौथ्या वर्षी ते बदलेल असं वाटू लागलं.

कारण आठवीला शिकवणाऱ्या मॅडम. त्या दिवाळीनंतर रुजू झाल्या. चांदवडजवळच्या गावातून रोज एसटीनं यायच्या. वय माझ्या निम्मं. पहिल्या आठवड्यातच मी त्यांचे दोष मनात नोंदवून ठेवले: बोलण्यात ‘लय’ आणि ‘नाय’, फळ्यावरच्या ओळी तिरक्या, बस चुकली की उशीर. नोंद अचूक होती. तिचा मला काही उपयोग झाला नाही.

आमच्या दोन वर्गांच्या मधे प्लायवूडचं पार्टिशन आहे. एका संध्याकाळी मी नववीला इंग्रजी वाक्यांचे मूळ प्रकार शिकवत होतो. फळ्यावर तक्ता काढला होता: सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट, कॉम्प्लिमेंट. पलीकडे मॅडमही तोच धडा घेत होत्या.

“माय अंकल मेट अ ट्रेडर. किती माणसं हायेत?”

“दोन!”

“मग दोघं पुढं या. तू काका, तू व्यापारी. करा कांद्याचा भाव.”

घासाघीस सुरू झाली. व्यापारी झालेली मुलगी म्हणाली, “काका, माल ओला हाय तुमचा,” आणि वर्ग खदखदला.

“बरं. आता माय अंकल इज अ ट्रेडर. किती माणसं?”

 बरेच आवाज एकदम: “एकच!”

“मग तू बस खाली. काका, हा पेन घे, लाव कानाला. झाला व्यापारी. ऑब्जेक्ट म्हंजे दुसरा माणूस. कॉम्प्लिमेंट म्हंजे तोच माणूस, नुसता कानाला पेन लावलेला.”

माझ्या वर्गात वहीत कोणी लिहीत नव्हतं. सगळे पार्टिशनकडे बघत होते. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, आपण पण असं करू ना.”

“आपल्याला पुढं बोर्डाची परीक्षा आहे,” मी म्हणालो, “नाटकाची नाही.”

कोणी हसलं नाही. मी घड्याळ पाहिलं होतं. पहिल्या वाक्यापासून कानाच्या पेनापर्यंत मॅडमना सहा मिनिटंही लागली नव्हती. तीच गोष्ट शिकवायला मला दरवर्षी दोन तास लागत, आणि चाचणीत अर्धी मुलं तरीही कॉम्प्लिमेंटला ऑब्जेक्ट लिहीत. त्यानंतर पलीकडे हसू उठलं की माझा आवाज आपोआप चढायचा. याला मी शिस्त म्हणायचो, अभ्यासक्रम म्हणायचो. नेमका शब्द मत्सर होता. तो मला माहीत होता.

दहावीची बॅच कोणाला द्यायची हे आमच्याकडे पालक ठरवतात. एप्रिलमध्ये नववीच्या पालकांना एक पुस्तिका जाते. तिच्यात इच्छुक शिक्षकांचा नमुना पाठ असतो, प्रत्येकाला एक पान. शेवटच्या पानावर पसंतीचा फॉर्म. त्या वर्षी इच्छुक आम्ही दोघंच होतो आणि विषय क्लासच्या मालकांनी सारखाच दिला होता: वाक्यांचे प्रकार. मॅडमनी चहाच्या सुट्टीत मला सरळ सांगून टाकलं होतं, “दहावी मिळाली ना सर, तर नाशकातच खोली घेईन. लय वेळ जातो एसटीत.”

पुस्तिकेची पानं संगणकावर लावायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं, कारण ते मला येतं. मॅडमनी हातानं लिहिलेले दोन भरगच्च कागद आणून दिले.

“जरा लांब झालंय. तुम्हीच बघा सर, तुम्ही पेपरवाले.”

कागद मी उभ्या उभ्याच वाचले. सुरुवातीला व्याख्या होत्या, कुठल्याही पुस्तकात असतात तशा. मग वाक्यांचे प्रकार. दुसऱ्या कागदाच्या मध्यावर काका आले, व्यापारी आला, ओला माल आला, शेवटी कानाचा पेन. मी हसलो. मग संगणकापुढे बसलो.

डेस्कवर बातमी जागेत बसत नसेल तर ती खालून कापतात. महत्त्वाचं ते वर लिहिलेलं असतं, शेपटी गेली तरी बातमी उरते. हात इतके सरावतात की पुढचं वाचावंही लागत नाही. मी तसंच कापलं. चार मिनिटांत मॅडमचा पाठ एका पानात बसला. पानावर व्याख्या राहिल्या, काका गेले. ही सवय होती असं मी सांगू शकतो, आणि डेस्कवर काम केलेल्या कोणालाही ते पटेल. पण सवयीनं कापणारा शेवटपर्यंत वाचत नाही. मी वाचलं होतं. माझ्या स्वतःच्या पानावर मी एक चौकट टाकली, अक्षर थोडं मोठं केलं.

छापून आलेली पुस्तिका मॅडमनी ऑफिसच्या टेबलाशी उघडली. पान उलटून मागे पाहिलं. पुन्हा पुढं आल्या.

“सर, माझे काका कुठं गेले?”

“जागा नव्हती, मॅडम.”

“मग वरचं काढायचं ना. वरचं तर गाईडातपण हाय.”

“आमच्याकडे खालूनच कापतात. पद्धत आहे.”

“ती बातमीची. पोरांना आधीच सगळं सांगितलं तर ती बसतील कशाला?” त्यांनी माझं पान काढलं आणि बोटानं चौकटीवरून रेघ ओढली. “तुमचं मात्र मस्त बसलंय हां. हवेशीर.”

त्या मालकांकडे गेल्या नाहीत. जातील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

नववीच्या पालकांनी मॅडमचा वर्ग कधी ऐकला नव्हता. त्यांच्यापुढे फक्त ते पान होतं. फॉर्म परत आले. तीन सोडून सगळे माझ्या बाजूचे. मालक म्हणाले, “शेवटी अनुभव तो अनुभव.” मी मान हलवली.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले त्या दिवशी मॅडम एसटीतून उतरून थेट माझ्याकडे आल्या.

“अभिनंदन सर. ते माझे दोन कागद तेवढे द्या परत. एकच प्रत होती.”

कागद माझ्या घरी, कपाटात होते. सुट्टीत मी ते तीनदा वाचले होते. कुठे काही खोट सापडते का, हे बघत होतो.

“शोधले, मॅडम,” मी म्हणालो. “सापडत नाहीत. छपाईवाल्याकडे राहिले असतील.”

 त्यांनी पर्स खांद्यावर नीट केली.

“असू द्या. पाठ हाय मला सगळं.”

त्या आठवीच्या वर्गात गेल्या. मी दहावीच्या वर्गात आलो. पार्टिशन तेच आहे. माझी हजेरी घेऊन होण्याआधीच पलीकडे मुलं हसायला लागली होती, आणि नवव्या की दहाव्या नावाशी मी थांबलो होतो, ती कशाला हसताहेत ते ऐकायला.