साडेसातच्या तासाची शिफारस

कॉलेजात बावीस वर्षं काढली की माणूस केमिस्ट्री विसरतो, मीटिंगा विसरत नाही. आमच्या कॉलेज विकास समितीचा मी सचिव. म्हणजे बोलायचं बाकीच्यांनी, टाइप करायचं मी. चार दोस्त जमले की म्हणतात, "सर, समितीचा एखादा किस्सा होऊन जाऊ द्या." पोट धरून हसतात लेकाचे. पूर्वी मलाही हसू यायचं.

*

एकदा विद्यापीठाची तपासणी टीम आली. त्यांच्या फॉर्मात एक रकाना होता, 'कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग'. टीममधल्या मॅडमनी विचारलं, "समितीवरचा विद्यार्थी प्रतिनिधी कुठे आहे?"

प्राचार्य म्हणाले, "वर्गात आहे मॅडम. तास सुरू आहे."

मॅडम वर्गात गेल्या. तिथले सर म्हणाले, "तो तर समितीच्या मीटिंगला गेला मॅडम!"

त्या वर्षी आम्ही प्रतिनिधी नेमलाच नव्हता. रकान्यात 'उत्तम' शेरा मिळाला.

*

पुढच्या वर्षी मात्र नेमावा लागला. शीतल, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आसेगावकडून एसटीनं येणारी. प्राचार्यांना वाटलं, गरीब पोरगी आहे, बसेल गुपचूप. तिनं पहिल्याच बैठकीत हात वर केला.

आमचा पहिला तास साडेसातला आणि तिची एसटी पोचते सव्वाआठला. त्यात दिवसभराची हजेरी आम्ही पहिल्याच तासाला घेऊन टाकतो, कारण परत परत नावं कोण पुकारणार? म्हणजे ती आणि तिच्या बसमधल्या अकरा पोरी रोज चार तास वर्गात बसून गैरहजर.

प्राचार्य म्हणाले, "बेटा, एसटीचं टाइमटेबल आपल्या हाती नाही."

"एसटीचं नाही सर, मी कॉलेजचं म्हणून राह्यली."

संस्थेच्या एका संचालकांनी हातातलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. मग ठरलं की यावर उपसमिती नेमावी.

*

उपसमितीची बैठक ठेवली सकाळी साडेसातला.

शीतल सव्वाआठला धापा टाकत आली, तोवर कपबशा उचलल्या होत्या. "सर, मले काहून नाही सांगतलं?"

"नोटीस लावली होती," मी म्हणालो.

"कवा?"

"आज सकाळी सातला."

इतिवृत्तात मी लिहिलं, 'विद्यार्थी प्रतिनिधी अनुपस्थित. सबब विद्यार्थ्यांची काही तक्रार नाही असे समजण्यात आले.' प्राचार्यांनी सांगितलं तसं लिहिलं. पण लिहिलं मीच, हेही सांगून टाकतो.

*

पोरगी काही हटेना. तिनं बाराही जणींचा अर्ज आणला आणि पहिला तास साडेआठला घ्यावा, अशी शिफारस समितीकडून विद्यापीठाला पाठवायला लावली. तीन महिन्यांनी उत्तर आलं, 'महाविद्यालयाने आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा.'

मला वाटलं, चला, सुटलो. प्राचार्यांनी चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं आणि म्हणाले, "आपला स्तर म्हणजे नेमका कोणता, यावर विद्यापीठाचं मार्गदर्शन मागवा."

मी टाइप केलं. पत्रावर जावक नंबर टाकता टाकता आमचे क्लार्क गजूभाऊ म्हणाले, "सर, याचं उत्तर येईपर्यंत त्या पोरीची पोरगी कॉलेजात येईन."

*

आता हा राहिला. हा मी दोस्तांना सांगत नाही.

परीक्षेआधी समितीची मोठी बैठक होती. त्या दिवशी शीतल बापाच्या मोटरसायकलवर बसून वेळेच्याही आधी आली. आमच्याकडे सह्या आधी होतात आणि ठराव नंतर टाइप करून सह्यांच्या वर चिकटवतात. गजूभाऊंनी चहाबरोबर रजिस्टर फिरवलं आणि तिनं मन लावून, वळणदार अक्षरात पूर्ण नावाची सही केली. तिचा विषय निघाला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "सकारात्मक विचार करू." जिन्यात तिनं मला गाठलं. "सर, झालं ना मंग आपलं काम?" मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो?

आठ दिवसांनी बोर्डावर यादी लागली. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता येणार नाही अशी बारा नावं, त्यात पहिलं तिचं. तिला बी.एड. करायचं होतं. हे वर्ष गेलं तर घरचे पुन्हा कॉलेजचं नाव काढू देणार नव्हते, हे तिनं मला कधीच सांगितलं होतं. निर्णयाचा फेरविचार करावा असा अर्ज मीच तिला लिहून दिला आणि सोबत केबिनमध्ये गेलो. मला धड झोप नव्हती त्या आठवड्यात.

प्राचार्यांनी अर्ज वाचलाही नाही. रजिस्टर उघडलं आणि तिच्याकडे फिरवलं. 'हजेरी कमी असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू देऊ नये. सर्वानुमते मंजूर.'

"हे त तुह्याच समितीनं ठरवलं ना बेटा," प्राचार्य तिच्याच बोलीत म्हणाले. "ही सही तुहीच हाय ना?"

शीतलनं खाली मान घालून आपली सही पाहिली. मग वरचा ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. रडली नाही. प्राचार्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे वळली.

"सर, हे टाइप कोनं केलं?"